पाचोडचं समीकरण

सरांनी आम्हाला कधीच नावानं हाक मारली नाही. ज्याचं जे गाव, तेच त्याचं नाव. मी पाचोड. माझ्याबरोबर खोलीवर राहणारी मंगल म्हणजे पिशोर. एक उंच, सदा हसतमुख मुलगा होता, तो सोयगाव. शहरातल्या मुलांना गाव नसायचं, म्हणून त्यांना सिडकोतल्या सेक्टरच्या नंबरानं बोलावलं जाई. "एन-नऊ, खिडकी लावा. पिशोर, फळ्यावर या." गंगापूरचे दोघं होते, तर एक थोरले गंगापूर आणि एक धाकटे गंगापूर. आणि सगळ्यांना अहो-जाहो. सतरा वर्षांच्या पोरीला 'तुम्ही' म्हणणारा माणूस मी तोवर पाहिलेला नव्हता. पहिल्या दिवशी ते "पाचोड, तुम्ही सांगा" म्हणाले, तेव्हा मागं कुणी मोठं माणूस बसलंय का म्हणून मी वळून बघितलं होतं.

मी बारावी सायन्सला शहरात आले होते. सिडकोत एका बाईंकडं मी आणि मंगल कॉट बेसिसवर राहायचो आणि तिथून चार गल्ल्या पलीकडं सरांकडं केमिस्ट्रीच्या क्लासला जायचो. सीईटी द्यायची, मेडिकलला लागायचं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

सरांनी कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. पाणी तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी गेली. गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांतून यायचं आणि हे त्यात काय काय आहे ते सांगायचे. रिटायर झाल्यावर घराच्या गच्चीवर पत्र्याची शेड टाकून त्यांनी क्लास सुरू केला. अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला जांभळट डाग. तो डाग प्रत्येक शर्टाला असायचा. नवीन शर्टालाही आठवडाभरात पडायचा. ॲसिडला ते तेजाब म्हणत. निजामाच्या काळात वडील तहसिलीत कारकून होते आणि सर पहिली दोन-तीन वर्षं उर्दू शाळेत गेले होते, त्या शाळेतले काही शब्द तोंडात तसेच राहिले होते. हिशेबाला हिसाब, वजनाला वजन, पण तराजूला मीजान.

बाकीची केमिस्ट्री ते उरकून टाकत. त्यांचा जीव होता रेडॉक्सवर. एका पदार्थानं इलेक्ट्रॉन सोडायचे, दुसऱ्यानं घ्यायचे, आणि हे सगळं दोन्ही बाजूंनी बरोबर जुळवून कागदावर लिहायचं. हा धडा इतर क्लासमध्ये चार दिवसांत संपायचा. आमच्याकडं तो जूनमध्ये सुरू झाला आणि दिवाळीलाही चालूच होता.

या रेडॉक्सपायी त्यांना एक सवय लागली होती. कुणी कसलंही समीकरण विचारलं की ते आधी विचारत, "माध्यम?" म्हणजे हे तेजाबात घडतंय की अल्कलीत. मला क्लासला घालायला माझे वडील, म्हणजे दादा, आले, त्या दिवशी मी दाखवायला म्हणून एक समीकरण वहीत लिहून नेलं होतं. सरांनी वही बघितली आणि मान वर न करता विचारलं, "माध्यम?"

दादा लगेच म्हणाले, "मराठी."

सरांनी आता मान वर केली. मग म्हणाले, "असू द्या. शिकवीन मी." आणि त्यांनी ते खरं केलं. कॉलेजात सगळं इंग्रजीतून आमच्या डोक्यावरून जायचं, ते सर संध्याकाळी गच्चीवर मराठीत उतरवून द्यायचे. दादांनी येताना पिशवी भरून मोसंबी आणली होती, बागेतली, एकेक हातानं निवडलेली. काकू, म्हणजे सरांच्या बायको, पिशवी घेताना नको नको म्हणत राहिल्या. सरांनी एक मोसंबं उचलून नाकाशी धरलं आणि म्हणाले, "पाणी गोड दिसतंय तुमच्या विहिरीचं."

सीईटीत प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं छापलेली असत, त्यातलं बरोबर ते निवडायचं. सरांना या चार उत्तरांचा भयंकर राग. ज्याला आपलं उत्तर माहीत आहे त्याला परक्याची चार कशाला लागतात, असं ते म्हणत. त्यामुळं प्रश्नसंचाची पुस्तकं क्लासमध्ये आली की पहिले दोन दिवस शिकवणं बंद. काकू खालून कणकेची खळ शिजवून आणत आणि आम्ही सगळे रद्दी पेपरच्या पट्ट्या कापून प्रत्येक प्रश्नाखालच्या उत्तरांवर चिकटवत बसायचो. आधी उत्तर काढायचं, मग नखानं पट्टी उचलायची. सोयगाव उजेडात धरून पट्टीखालचं वाचायला शिकला होता. सरांना ते कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा घेऊन आले.

पावसानं ओढ दिल्याचं ते सलग दुसरं वर्ष होतं. जायकवाडी धरणाचं पाणी तळाला गेलेलं. शहरात चौथ्या दिवशी नळ यायचे, तेही कधी पहाटे, कधी भर दुपारी. क्लास चालू असताना खालून काकूंचा आवाज आला की सर खडू ठेवायचे आणि आम्ही सगळे जिन्यात रांग करून हंडे, बादल्या, डबे हातोहात गच्चीवरच्या टाकीपर्यंत पोचवायचो. टाकी भरली की पुन्हा समीकरण, जिथं थांबलं होतं त्याच ओळीपासून.

समीकरण जुळवताना एक पायरी अशी येते की ज्या बाजूला ऑक्सिजन कमी पडतो तिकडं पाण्याचे रेणू लिहायचे. एके दिवशी सर म्हणाले, "आता डावीकडं पाणी घाला." मागून सोयगाव म्हणाला, "सर, टँकर सांगू का?" सगळे हसले. सर फळ्याकडं तोंड करून उभे होते. त्यांची पाठ हलत होती. वळले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं हसून. एवढं हसताना मी त्यांना त्या एकदाच पाहिलं.

शहर मात्र त्या दुष्काळातही वाढतच होतं. आम्ही क्लास लावला तेव्हा गच्चीवरून मागं ज्वारीची वावरं दिसत. वर्ष संपेपर्यंत तिथं कॉलम उभे राहिले. नवं घर म्हटलं की आधी बोअर. बोअरची गाडी गल्लीत आली की दिवसभर तो धडधडाट, फळा हलायचा, पांढरी धूळ वह्यांवर बसायची. सर त्या आवाजावर मोठ्यानं शिकवत राहत, पण आवाजात जरासा फरक पडला की बोलता बोलता थांबत. खडक ओला लागलाय, हे त्यांना गच्चीवर बसून कळायचं. मग कपाटातली एक स्वच्छ बाटली घेऊन ते जिना उतरून पळत सुटायचे. आम्ही कठड्यावरून बघत राहायचो. बोअरचं पहिलं गढूळ पाणी बाटलीत धरायचं, निवळू द्यायचं, वास घ्यायचा, जिभेवर एक थेंब ठेवायचा आणि घरमालकाला निकाल सांगायचा. "भांड्याला चालेल. पिऊ नका." लोक रागवायचे. सहाशे फूट खाली जाऊन पाणी लागलेल्या माणसाला कुणी असं सांगावं का? पण तीच माणसं महिन्याभरानं बाटली घेऊन दारात यायची.

एवढं सगळं असूनही रेडॉक्स मला येत नव्हतं. म्हणजे सरांच्या पद्धतीनं येत नव्हतं. समीकरणाचे दोन तुकडे करा, कोण किती इलेक्ट्रॉन सोडतं ते एकीकडं, कोण घेतं ते दुसरीकडं, मग ते सारखे करून तुकडे जोडा, यात मी दर वेळी कुठंतरी अडकायची. मला अंदाजानं जुळवायला आवडायचं. इकडं दोन लिहून बघ, तिकडं तीन लिहून बघ, शेवटी दोन्ही बाजूंचे अणू सारखे आले की झालं. आणि माझं यायचं. म्हणून मी ती पद्धत सोडत नव्हते.

बोर्डाची परीक्षा संपली. सीईटीला पाच आठवडे उरले. सरांनी एक चाचणी घेतली. त्यात पोटॅशियम परमँग्नेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं समीकरण होतं, तेजाबातलं. परमँग्नेट म्हणजे विहिरीत टाकतात ते लाल औषध. पेरॉक्साइड म्हणजे जखमेवर टाकलं की फेस येतो ते. पुस्तकात उत्तर आहे दोन परमँग्नेटला पाच पेरॉक्साइड. मी जुळवाजुळव करून दोनाला तीन लिहिलं. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर माझा पेपर उचलला. "पाचोड, हे जुळत नाही," ते म्हणाले आणि लाल फुली मारली.

मी कधी बोलायची नाही क्लासमध्ये. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, मी उठले. म्हटलं, "सर, जुळतंय."

त्यांनी खडू पुढं केला. मी फळ्यावर लिहिलं आणि मोजत गेले. ऑक्सिजन डावीकडं चौदा, उजवीकडं चौदा. हायड्रोजन बारा आणि बारा. मँगनीज दोन आणि दोन. वरचा प्रभार, तोही दोन्हीकडं अधिक चार. एन-नऊ नावाची मुलगी हळूच म्हणाली, "सर, खरंच जुळतंय हे."

सर फळ्याकडं बघत राहिले. मी त्यांचा चेहरा बघत होते आणि मला कळत होतं की यांना उत्तर सापडत नाहीये. मग ते म्हणाले, "बाजारात मोसंबीची पाटी भरताना वर चांगलं फळ मांडतात आणि खाली किडकं दडवतात. तसं केलंय तुम्ही. तुमच्या घरी चालत असेल. इथं चालणार नाही. बसा."

वर्ग हसला. मंगलसुद्धा हसली, हे तिनं मला नंतर स्वतःच सांगितलं. मी खाली बसले. मला फळ्यावरचं काही दिसत नव्हतं. दादांनी ती पिशवी कशी भरली होती ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. डागाळलेलं एकेक फळ ते बाजूला ठेवत होते आणि आई म्हणत होती, एवढं काय निवडताय.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी पाचोडला गेले. घरी सांगितलं, पोट दुखतंय. ते वाक्य मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दादांना लागलं असतं. आणि तेव्हा त्यांचे दिवसही बरे नव्हते. विहीर आटली होती. चारशे झाडांची बाग, टँकरच्या पाण्यावर सगळी जगणार नाही, म्हणून त्यांनी अर्धी तोडायची आणि अर्धी वाचवायची असं ठरवलं होतं. मी गेले त्या दिवशी तोडणी चालू होती. मी काही न बोलता कळशी घेतली आणि उरलेल्या झाडांना पाणी घालायला लागले. एका झाडाला दोन कळश्या, आळ्यात, बुंध्यापासून थोडं लांब. दादा म्हणाले, "राहा चार दिस, बरं वाटंल." चाराचे आठ झाले, आठाचे पंधरा. मला परत जायचं नव्हतं आणि त्यांनाही हाताशी कुणी हवं होतं. सीईटीचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही.

बाजारच्या दिवशी दादा तोडलेल्या झाडांची लाकडं गाडीत घालून पाचोडच्या बाजारात विकायला बसले होते. मीही होते. एप्रिलचं ऊन, अकराच वाजले होते पण जमीन पोळत होती. बाजारातून एक माणूस छत्री धरून येताना दिसला. खांद्याला कापडी पिशवी, हातात जुन्या लुगड्याच्या कापडात गुंडाळलेली एक लांब नळी. तो प्रत्येक दुकानाशी थांबून काही विचारत होता. जवळ आल्यावर शर्टाच्या खिशाचा डाग दिसला.

दादा उठून उभे राहिले. "सर, तुम्ही? एवढ्या उन्हाचं?" त्यांनी कळशीतलं पाणी तांब्यात ओतून पुढं केलं. सरांनी सवयीनं वास घेतला आणि मग सगळं पाणी प्यायले. गाडीतल्या लाकडांकडं बघून त्यांनी विचारलं, "हे मोसंबीचं?"

"व्हय," दादा म्हणाले.

सरांनी एका लाकडावरून हात फिरवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "इथं तेजाब कुठं मिळेल?"

बाजाराच्या कडेला ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरून देणारं एक दुकान होतं. तिथून त्यांनी बाटलीत थोडं बॅटरीचं तेजाब आणि एक कॅन डिस्टिल्ड वॉटर घेतलं. दुकानदाराचं स्टूल मागून घेतलं. पिशवीतून काचेचा चंबू निघाला, पिपेट निघाली, कागदात गुंडाळलेल्या दोन तपकिरी बाटल्या निघाल्या आणि त्या लुगड्याच्या कापडातून निघाली ब्युरेट, तोटी असलेली, रेघा आखलेली लांब काचेची नळी. ती उभी धरायला स्टँड लागतो. तो आणायला सर विसरले होते. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. दादा म्हणाले, "मी धरतो की." आणि दादांनी ब्युरेट दोन्ही हातांनी धरली, सरळ, जराही न हलवता. कुऱ्हाडीनं सोललेले हात होते ते.

तोवर माणसं जमली होती. औषध विकणारा आला असं त्यांना वाटलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "दातावरचं हाये का?"

"नाही," सर अगदी मनापासून म्हणाले. "विहिरीत टाकतात ते आहे."

"मंग विहिरीत पाणी तर येऊ द्या," म्हातारा म्हणाला.

सरांनी मला समोर बसवलं. दोन्ही बाटल्यांतली द्रावणं एकाच ताकदीची आहेत, प्रयोगशाळेतल्या जुन्या सहकाऱ्याकडून कालच तपासून आणलीत, असं सांगितलं. चंबूत पंचवीस मिलिलिटर पेरॉक्साइड घ्यायचं, थोडं तेजाब, आणि वरून परमँग्नेट सोडत जायचं. "तुमचं समीकरण खरं असेल तर सोळा-सतरा मिलिलिटर लागेल," ते म्हणाले. "पुस्तकातलं खरं असेल तर दहा. करा."

मी तोटी उघडली. जांभळा थेंब चंबूत पडला आणि क्षणभर तसाच राहिला, मग नाहीसा झाला. पुढचा पडला, तो लगेच नाहीसा झाला. बारीक बुडबुडे येत होते. मी एका हातानं चंबू फिरवत होते. लोक वाकून बघत होते, रंग जातोय कुठं म्हणून. पाच झाले, सात झाले, नऊ झाले. मग एक थेंब पडला आणि चंबूभर फिकट गुलाबी रंग पसरला, तो गेलाच नाही. मी उठून रेघ वाचली. नऊ पूर्णांक नऊ.

एवढ्या लांबून, एवढ्या उन्हात हा माणूस मला चूक ठरवायला आला? मी तसं म्हटलंसुद्धा. "म्हणजे मी चूकच होते."

"समीकरण चूक होतं," सर म्हणाले. "दोन परमँग्नेटला दहा इलेक्ट्रॉन लागतात. तीन पेरॉक्साइड सहाच देतात. उरलेले चार कुठून आले ते तुमचं समीकरण सांगत नाही. पण मी तुम्हाला म्हणालो होतो की ते जुळत नाही. ते जुळत होतं. अशी किती तरी जुळतात, दोनाला एक जुळतं, दोनाला सात जुळतं. इतकी वर्षं मी हे समीकरण वापरलं आणि मला ते माहीत नव्हतं. मला उत्तर देता आलं नाही, म्हणून मी दुसरंच काहीतरी बोललो."

मग ते दादांकडं वळले. दादा अजून ब्युरेट धरून उभे होते. सरांनी ते वाक्य दादांना सांगितलं. पूर्ण. पाटी, वरचं चांगलं फळ, खालचं किडकं, तुमच्या घरी चालत असेल, सगळं, एकही शब्द न गाळता, पंधरा-वीस माणसांच्या समोर. आणि म्हणाले, "हे मी तुमच्या मुलीला बोललो. माझी चूक झाली."

दादांनी खाली बघितलं. मग ते म्हणाले, "सर, आमच्या पाटीत तसं कधी नव्हतं."

"मला माहीत आहे," सर म्हणाले. "पिशवीच्या तळापर्यंत खाल्ली आहेत मी."

दादांनी ब्युरेट माझ्याकडं दिली. हात पुसले. म्हणाले, "चारची एसटी हाये. कपडे भरून घे."

मंगलनं नंतर मला मधल्या दिवसांचं सांगितलं. मी गेल्यावर सरांनी आठवडाभर क्लास घेतला नव्हता. गच्चीच्या सगळ्या फरशीवर खडूनं तेच समीकरण निरनिराळ्या आकड्यांनी लिहून ठेवलं होतं आणि काकूंना तिथं वाळवण घालू देत नव्हते. क्लास पुन्हा भरला त्या दिवशी त्यांनी मुलांना विचारलं की पाचोड कुठं आहेत, आणि कुणालाच माझा पत्ता माहीत नव्हता. मंगललाही एवढंच माहीत होतं की घरी मोसंबीची बाग आहे.

सीईटीत त्या वर्षी रेडॉक्सवर एकच प्रश्न आला, तोही इतका सोपा की नववीच्या मुलानं सोडवावा. मला मेडिकल मिळालं नाही. फार्मसी मिळाली, ती मी शहरातच केली. वाचवलेली दोनशे झाडं पुढच्या पावसापर्यंत पोचली नाहीत. दादांनी तिथं कापूस लावला आणि मोसंबीचं नाव पुन्हा बरीच वर्षं काढलं नाही.

मी एका औषधांच्या कंपनीत तपासणी विभागाला लागले आणि हळूहळू मोठी झाले. सरांकडं जाणं सुरुवातीला व्हायचं, मग लग्न, मुलं, वाळूजच्या कारखान्यातली शिफ्ट, यात ते राहून गेलं. काही वर्षांपूर्वी आमच्याकडं श्रद्धा नावाची एक नवीन मुलगी रुजू झाली. हुशार होती. जेवणाच्या सुट्टीत गावाचं बोलणं निघालं आणि मी पाचोडची असं कळल्यावर ती एकदम थांबली. "मॅडम, पाचोडचं समीकरण तुमचं?"

मी विचारलं, कसलं समीकरण? तिनं सांगितलं की ती सरांच्या शेवटच्या बॅचला होती. रेडॉक्स सुरू करताना पहिल्या दिवशी सर ती गोष्ट सांगायचे. दर वर्षी, प्रत्येक बॅचला. आधी दोनाला तीनचं समीकरण फळ्यावर लिहायचे, मुलांना मोजायला लावायचे आणि सगळे 'बरोबर आहे' म्हणेपर्यंत थांबायचे. मग सांगायचे की एक विद्यार्थिनी होत्या, पाचोडच्या, आणि मी त्यांना काय बोललो. श्रद्धानं ते वाक्य मला म्हणून दाखवलं. मोसंबीची पाटी, खालचं किडकं, सगळं. जेवणाच्या टेबलावर, चार जणांत.

मी डबा बंद केला. जे वाक्य मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं, ते इतक्या वर्षांत किती मुलांनी वहीत उतरवून घेतलं असेल? त्या रविवारी मी सरांकडं गेले ती भांडायलाच.

गल्ली ओळखू आली नाही. दोन्ही बाजूंना चार-चार मजले. सरांचं घर तेवढं बुटकं राहिलं होतं. काकूंनी दार उघडलं, त्यांना आता कमी ऐकू यायचं. सर आतल्या खोलीत खुर्चीत बसले होते, खूप वाळलेले. मला बघून म्हणाले, "पाचोड. या."

मी उभ्याउभ्याच म्हटलं, "सर, तुम्ही ती गोष्ट दर वर्षी सांगत होतात."

"हो."

"मला न विचारता."

मी तशीच उभी राहिले, मदतीला गेले नाही. शेवटी ते म्हणाले, "हे माझ्या लक्षात आलं नाही. माझी चूक सांगतोय असंच मला वाटत होतं. नाव कधी घेतलं नाही तुमचं."

"गाव घेतलंत."

"हो," ते म्हणाले. "गाव घेतलं." मग थोड्या वेळानं, "आता नाही सांगत. मुलं येत नाहीत आता. मोठमोठे क्लास निघालेत, लिफ्टवाले. बंद केला मी."

काकू चहा ठेवून गेल्या. चहावर साय धरली तरी दोघांपैकी कुणी कप उचलला नव्हता. भांडण आणलं होतं ते कुठं ठेवावं ते मला कळेना. गच्चीवरची ती पोरं, ते पत्रे, ती खळ, सगळं डोळ्यांसमोरून गेलं आणि वाटलं की इतक्या जणांनी ही गोष्ट ऐकली, मी एकटीनंच तेवढी ऐकलेली नाही.

मी खाली सतरंजीवर बसले. म्हटलं, "सर, मला सांगा. मी ऐकलेली नाही."

ते खुर्चीच्या हातावर भार देऊन उठले. बसून सांगा म्हटलं तरी ऐकेनात. उभं राहून, हात मागं बांधून, समोर पूर्ण वर्ग आहे अशा आवाजात त्यांनी सुरुवात केली. ओढीचं वर्ष होतं, बोर्डाची परीक्षा संपली होती, मी एक चाचणी घेतली. चौदा ऑक्सिजन, बारा हायड्रोजन, अधिक चार. सगळं बरोबर सांगत गेले. त्या वाक्यापाशी आल्यावर थांबले. माझ्याकडं बघवेना त्यांना.

वाक्य मला पाठ होतं. मी ते म्हटलं, त्यांच्याइतकंच पूर्ण. मग म्हटलं, "पुढं सांगा, सर."

त्यांनी श्वास घेतला. "बाजारचा दिवस होता, एसटी गच्च भरलेली," ते म्हणाले. "बसायला मिळालं नाही. पाचोडपर्यंत उभा होतो, एका हातात ब्युरेट आणि एक हात वरच्या दांडीला. कुणाचा धक्का लागला तर फुटेल म्हणून सगळ्या वाटेत लोकांना सांगत होतो, जरा सांभाळा, एका मुलीची आहे."